साठ वर्षांची छायाचित्रे आणि एक तबकडी

(हीरक महोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी बोलाविलेल्या माजी विद्यार्थी व पालक यांच्या सभेतील व्याख्यान)



शाळेच्या साठ वर्षांतील निवडक छायाचित्रांची एक डीव्हीडी तयार करून ती माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी पोहोचवावी, असे महोत्सव समितीने ठरविले आहे. तबकडी टीव्हीवर लावली की प्रथम मेन्यू दिसावा, त्यातून ज्याने त्याने आपले दशक निवडावे आणि मग छायाचित्रे एकामागून एक पडद्यावर यावीत, अशी ही योजना आहे. या कामासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली आहे.

प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. बाजारात चार वस्तू आहेत, त्यांतील बरी कोणती, एवढाच. परंतु या छायाचित्रांत कोण कोण आहे हे खात्रीने सांगू शकणारे आपले आरंभीचे शिक्षक आज वयोवृद्ध आहेत, आणि पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थीही सत्तरीच्या आसपास आले आहेत. अशा वेळी आपण जे साधन निवडू, त्याच्या सोयीप्रमाणे काही गोष्टी टिकतील आणि काही गळून पडतील. म्हणून निवडीची एकच कसोटी मी आपल्यापुढे ठेवतो : काम संपल्यावर, आणि पुढे केव्हातरी ते सॉफ्टवेअरही नाहीसे झाल्यावर, आपल्या हाती काय उरेल?

सॉफ्टवेअर नाहीसे होते, ही अतिशयोक्ती नव्हे. कोडॅकसारख्या मातब्बर कंपनीने १९९२ साली ‘फोटो सीडी’ बाजारात आणली. छायाचित्रे तबकडीवर साठवून टीव्हीवर पाहण्याची ती सोय होती. परंतु तिची मांडणी कोडॅकच्या स्वतःच्या पद्धतीची होती, आणि पुढे कंपनीनेच तिच्यातून अंग काढून घेतले. ॲपलच्या संगणकांबरोबर २००१ पासून ‘आयडीव्हीडी’ येत असे. २०११ नंतरच्या नव्या संगणकांबरोबर ते येईनासे झाले. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काही आवृत्त्यांत ‘विंडोज डीव्हीडी मेकर’ होते, ते विंडोज ८ मध्ये वगळले गेले. व्यावसायिकांच्या हातातील ‘अडोबी एन्कोर’ २०१२ च्या आवृत्तीनंतर पुढे वाढले नाही. लग्नसमारंभांची छायाचित्रे मांडणाऱ्या असंख्य स्टुडिओंचा आधार असलेले ‘प्रोशो’ बनविणारी फोटोडेक्स कंपनी २०२० च्या जानेवारीअखेर बंद झाली. अशा सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या कामाची फाइल बहुधा त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ते गेले की आपली मांडणीही कुलूपबंद होते.

मग ही तबकडी करावी तरी कशाला, असा प्रश्न तरुण पालकांच्या मनात येईल. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा तबकडी घालायची जागाच नसते, हे खरे. परंतु आपल्या अनेक ज्येष्ठांच्या घरी डीव्हीडी प्लेअर अजून आहे, रिमोटची चार बटणे त्यांच्या बोटांना ठाऊक आहेत, आणि हातात घेऊन कपाटात ठेवता येईल अशी वस्तू त्यांना भेट म्हणून द्यावयाची आहे. तेव्हा तबकडी जरूर करावी. फक्त ती आपल्या छायाचित्रांचे एकमेव घर होऊ नये. असे का, ते समजण्यासाठी डीव्हीडीच्या पोटात काय असते ते थोडक्यात पाहू.

आपल्याकडे रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू. आजच्या साध्या मोबाइलने काढलेले बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र १ कोटी २० लाख बिंदूंचे असते. ते डीव्हीडीच्या चित्रफितीत बसविताना त्याचा सुमारे तिसावा हिस्साच शिल्लक राहतो. एकदा असे लहान झालेले चित्र तबकडीवरून परत मोठे करून मिळत नाही. शाळेच्या वर्गाचे सामूहिक छायाचित्र घ्या. एका रांगेत बारा मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला रुंदीचे साठ बिंदू येतात, आणि चेहऱ्याला जेमतेम वीस-पंचवीस. एवढ्यात आईलाही आपले मूल ओळखता येणे कठीण.

यावर उपाय आहे, आणि तोच सॉफ्टवेअरच्या निवडीचा पहिला निकष ठरतो. प्रथम संपूर्ण छायाचित्र दाखवावे, मग कॅमेरा जवळ नेल्याप्रमाणे मागच्या रांगेच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश सरकावे, तसेच मधल्या आणि पुढच्या रांगेचे करावे. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये अशी हालचाल आपोआप होते, परंतु ती कोठेही होते. चित्र हळूहळू मोठे होत जाते आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळापाशी किंवा कोणाच्या तरी खांद्यापाशी येऊन थांबते. हालचालीचा आरंभ आणि शेवट आपल्या हाताने ठरविता येईल तेच साधन आपल्या कामाचे. दुसरे म्हणजे प्रत्येक चित्राला वेगवेगळा वेळ देता आला पाहिजे. पारितोषिक वितरणाच्या चित्राला पाच सेकंद पुरतात. पंचेचाळीस मुलांच्या वर्गाला अर्धा मिनिट हवा. सर्वांना सारखाच वेळ देणारे सॉफ्टवेअर येथे निरुपयोगी होय.

याच ठिकाणी एक सावधगिरी. जुनी छायाचित्रे आजच्या रुंद पडद्यावर भरून दिसावीत म्हणून काही सॉफ्टवेअर ती आडवी ताणते, किंवा वरचा व खालचा भाग कापते. ताणल्याने चेहरे फुगतात आणि कापल्याने मागची रांग जाते. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली तरी चालेल, पण मूळ प्रमाण बिघडू देऊ नये. शिवाय जुने टीव्ही चित्राच्या कडा थोड्या झाकतात. म्हणून अक्षरे आणि मेन्यूची बटणे कडेपासून चांगली आत, साधारणपणे चित्राच्या दहाव्या हिश्शाइतके अंतर सोडून, ठेवावीत.

दुसरा निकष आपल्या लिपीचा आहे. महाराष्ट्राबाहेर राहून आपण ही शाळा मराठी माध्यमाची ठेवली. तिच्या महोत्सवाच्या तबकडीवर पहिली पाटी रोमन अक्षरांत असावी, हे कोणालाच रुचणार नाही. परंतु मेन्यू तयार करणाऱ्या पुष्कळ जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जुळविता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर येते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेली अक्षरे दिसतात, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. यासाठी खरेदीपूर्वी एक छोटी परीक्षा घ्यावी. ‘विद्यार्थी’, ‘मुख्याध्यापक’, ‘स्नेहसंमेलन’, ‘क्रीडा’, ‘प्रज्ञा’ हे पाच शब्द त्या सॉफ्टवेअरच्या मेन्यूत टंकून पाहावेत. पाचही शुद्ध उमटले तर ठीक. न उमटल्यास ते सॉफ्टवेअर लगेच टाकून द्यावे असेही नाही. देवनागरी नीट लिहिणाऱ्या दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये मेन्यूचे संपूर्ण पान तयार करून ते चित्र म्हणून साठवावे, आणि मेन्यूची पार्श्वभूमी म्हणून ते चित्र लावून त्यावर नुसती पारदर्शक बटणे बसवावीत. म्हणजे अक्षरे मोडण्याचा प्रश्नच राहत नाही. अर्थात पार्श्वभूमीला आपले चित्र लावू देणारे सॉफ्टवेअर हवे. केवळ तयार नमुन्यांतील फुगे आणि फुलेच वापरू देणारे नको.

मेन्यू म्हणजे सजावटीचे पान अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ती ग्रंथाची अनुक्रमणिका होय. आपली दशके सहा, म्हणून मुख्य मेन्यूत सहा बटणे असावीत. आपले गुरुजन आणि शालेय कर्मचारी यांच्यासाठी सातवे बटण ठेवावे. अक्षरे ठसठशीत असावीत, मागे हलणारी चित्रे नसावीत. रिमोटवरील खालचा बाण दाबला की खालचेच बटण उजळले पाहिजे, आणि एक दशक पाहून झाले की पडदा काळा न होता मेन्यू परत आला पाहिजे. या दोन्ही गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये ठरवाव्या लागतात. ज्यात त्या ठरविता येत नाहीत, त्यात सत्तरीतील माणूस अडकून बसतो आणि तबकडी पुन्हा लावीत नाही.

तिसरा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो नावांचा आहे. छायाचित्राखाली नावे कशी द्यावयाची? चित्रावरच छापली तर चित्र झाकले जाते. डीव्हीडीच्या रचनेत यासाठी उत्तम सोय आहे आणि तिचा उपयोग आपल्याकडे फारसा केला जात नाही. एका डीव्हीडीवर चित्रफितीसोबत आठपर्यंत ध्वनिपट्ट्या आणि बत्तीसपर्यंत सबटायटल देता येतात. म्हणजे नावे सबटायटलच्या रूपाने द्यावीत. ज्याला हवी त्याने रिमोटवरचे बटण दाबून पाहावीत, नको त्याने बंद करावीत. डीव्हीडीची सबटायटल्स अक्षरांच्या रूपात नव्हे, तर लहान लहान चित्रांच्या रूपात साठविली जातात. त्यामुळे तयार करताना देवनागरी शुद्ध उमटली की ती कोणत्याही प्लेअरवर तशीच शुद्ध दिसते. दुसरी सबटायटल आपण राहतो त्या प्रांताच्या भाषेत देता येईल. आपल्या नातवंडांपैकी काहींना देवनागरी वाचता येत नाही. आजीचे नाव त्यांना त्यांच्या लिपीत वाचता आले, तर त्यात मराठीचे काही कमी होत नाही.

ध्वनिपट्ट्यांचेही तसेच. एका पट्टीवर संगीत असावे. दुसरीवर आपल्या ज्येष्ठ शिक्षकांनी छायाचित्रे पाहता पाहता सांगितलेली माहिती त्यांच्याच आवाजात असावी. “हा मागे उभा आहे तो पुढे डॉक्टर झाला, ही इमारत तेव्हा अर्धीच बांधून झाली होती,” अशा स्वरूपाचे सहज बोलणे कोणत्याही लिखित निवेदनापेक्षा मोलाचे. ज्या नातवंडाला मराठी वाचता येत नाही, त्याला ते ऐकून कळेल. म्हणून एकाहून अधिक ध्वनिपट्ट्या आणि सबटायटल स्वीकारणारे सॉफ्टवेअर हवे. घरगुती वापराच्या पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये एकच ध्वनिपट्टी चालते आणि सबटायटलची सोय नसते. रंगीबेरंगी नमुने मात्र शेकड्यांनी असतात.

संगीताविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रपटगीते लावण्याचा मोह होईल. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतात, आणि गीतकार व संगीतकार यांचे हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षे. तबकडी शेकडो घरी वाटावयाची असेल तर दुसऱ्याचे गीत परवानगीवाचून घेऊ नये. आपल्या मुलांच्या गायनाचे आणि तबला-पेटीच्या वादनाचे ध्वनिमुद्रण शाळेच्या सभागृहात एका दुपारी करता येईल, आणि या चित्रांना तेच अधिक शोभेल. रचना मात्र तेथेही पारंपरिक किंवा आपल्याच कोणाची असावी.

आता या निकषांवर उतरणारे साधन कोणते, ते सांगतो. सर्व कामे एकाच सॉफ्टवेअरकडून करून घेण्याचा आग्रह सोडावा, असे माझे मत आहे. कामाचे दोन भाग पाडावेत. पहिल्या भागात प्रत्येक दशकाची आणि गुरुजनांच्या विभागाची एकेक चित्रफीत तयार करावी. त्यासाठी ‘शॉटकट’ किंवा ‘केडीएनलाइव्ह’ ही सॉफ्टवेअर आहेत. दोन्ही विनामूल्य आहेत, त्यांची मूळ संहिता सर्वांना खुली आहे, आणि रांगेवरून सरकण्याची हालचाल त्यांत आपल्या हाताने ठरविता येते. दुसऱ्या भागात या चित्रफिती मेन्यूत बांधाव्यात. त्यासाठी ‘डीव्हीडीस्टायलर’ सुचवितो. तेही विनामूल्य व खुले असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. मेन्यूला आपले चित्र पार्श्वभूमी म्हणून लावता येते, बटणे हवी तेथे ठेवता येतात, अनेक ध्वनिपट्ट्या आणि सबटायटल जोडता येतात. दिसायला ते थोडे रूक्ष आहे, आणि पहिले दोन दिवस हाताला सरावाचे होत नाही. विकत मिळणारी सॉफ्टवेअर याहून लवकर आणि झगमगीत काम करतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांची चाचणी-आवृत्ती अनेकदा चित्रावर कंपनीचा शिक्का उमटविते, आणि कंपनी गेल्यावर काय होते ते वर पाहिलेच.

काम असे विभागल्याचा मोठा लाभ हा की, मेन्यू बांधण्यापूर्वीच आपल्या हाती या सातही चित्रफिती स्वतंत्रपणे असतात. त्याच एमपी४ स्वरूपात उंच दर्जाच्या साठवून ठेवल्या, की ज्यांच्या घरी प्लेअर नाही त्यांना पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलवर देता येतील. दहा वर्षांनी डीव्हीडी प्लेअर दिसेनासे झाले, तर केवळ मेन्यू जाईल. चित्रफिती राहतील.

मूळ छायाचित्रेही त्याच तबकडीवर मावतात. हिशेब पाहा. प्रत्येक विभागात सुमारे पन्नास, अशी सात विभागांत ३५० छायाचित्रे धरली आणि प्रत्येकाला सरासरी सहा सेकंद दिले, तर २१०० सेकंद, म्हणजे ३५ मिनिटांचा कार्यक्रम होतो. सेकंदाला ८ मेगाबिट या उत्तम दर्जाने त्याला सुमारे २.१ जीबी जागा लागते. दोन ध्वनिपट्ट्यांसह २.३ जीबी धरू. साध्या डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी असते. उरलेल्या जागेत, स्कॅन केलेले प्रत्येक छायाचित्र ५ एमबीचे धरल्यास, सर्व ३५० छायाचित्रे १.७५ जीबीत येतात. टीव्हीला ज्या ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरची गरज असते त्याच्या शेजारी ‘छायाचित्रे’ नावाचे दुसरे फोल्डर तबकडीवर ठेवता येते. प्लेअर त्याकडे लक्ष देत नाही, संगणकावर मात्र ते उघडते. पाहणाऱ्याला हवे ते छायाचित्र त्यातून मोठे छापून घेता येईल.

आपले बरेच माजी विद्यार्थी परदेशी आहेत, त्यांच्याकरिता एक व्यवस्था वेगळी करावी लागेल. अमेरिका आणि कॅनडा येथे पालऐवजी एनटीएससी पद्धत चालते, आणि तेथील बहुतेक साध्या प्लेअरवर आपली तबकडी दिसणार नाही. संगणकावर दिसेल. त्यांना एमपी४ फिती पाठविणे हाच सोपा मार्ग.

शेकडो प्रती काढण्यापूर्वी पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकडीवर एक नमुना प्रत काढावी आणि ती चार-पाच निरनिराळ्या, त्यांतही जुन्या, प्लेअरवर लावून पाहावी. पाहणारी व्यक्ती संगणकाशी परिचित नसलेली असावी. तिला रिमोट द्यावा आणि आपण गप्प बसावे. ती कोठे थांबते ते पाहून मेन्यू दुरुस्त करावा.

श्रोतेहो, सॉफ्टवेअरचा प्रश्न येथे संपतो आणि आपले काम सुरू होते. छायाचित्रे समितीकडे देताना त्यांच्या मागे बॉलपेनने लिहू नये, त्याचा दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीने कडेला क्रमांक घालावा आणि त्या क्रमांकाची नोंद वहीत करावी : वर्ष, प्रसंग, आणि मागच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे, प्रत्येकाचे नाव. ज्याचे नाव आठवत नाही त्याची जागा रिकामी ठेवावी, अंदाजाने भरू नये. दुसरा कोणी ती भरील. संगणकावर ही यादी युनिकोड मराठीत टंकावी. जुन्या फाँटमध्ये टंकलेली नावे तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन बसतात. लहान आकाराची छायाचित्रे इंचाला ६०० बिंदूंनी स्कॅन करावीत, आणि मूळ प्रत ज्याची त्याला त्याच दिवशी परत करावी.

पुढील रविवारपासून दर रविवारी सकाळी शाळेच्या ग्रंथालयात स्कॅनर आणि नावांची वही ठेवली जाईल. आपल्यापैकी ज्यांच्याकडे वाहन आहे त्यांनी येताना एखाद्या निवृत्त गुरुजींना किंवा बाईंना बरोबर आणावे. वहीतल्या बऱ्याच रिकाम्या जागा त्यांच्यावाचून भरता येणार नाहीत, आणि तबकडीच्या दुसऱ्या ध्वनिपट्टीवर आवाजही त्यांचाच हवा आहे.